मीठ डावीकडे कसं गेलं

फोनमध्ये उभा काढलेला फोटो मुळात उभा नसतोच. तो आडवाच साठवलेला असतो. हे पटायला जड जातं, कारण गॅलरी उघडली की आजी पाटावर नीट बसलेली दिसते, मागची तुळस वरच्या दिशेनं वाढलेली असते, सगळं जिथल्या तिथं. तोच फोटो कुठल्याशा वेबसाइटवर चढवला की आजी कुशीवर. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. बघणारा आधी मान वाकडी करतो. मग फोन आडवा करतो, तर स्क्रीन लगेच स्वतःहून फिरते आणि आजी पुन्हा आडवीच. ‘ऑटो रोटेट’ बंद करून मग फोन फिरवायचा, एवढं सुचेपर्यंत फोटो बघायची हौस फिटलेली असते.

मी डीटीपीचं काम करते. स्मरणिका, एकसष्टीच्या पुस्तिका, लग्नपत्रिका, अधूनमधून कुणाची तरी वेबसाइट. लोकांचे फोटो माझ्याकडे पेन ड्राइव्हवरून येतात, मेलवरून येतात आणि मुख्यतः व्हॉट्सॲपवरून येतात. त्यांतले बरेच आडवे पडलेले असतात, आणि फोन करून विचारलं की उत्तर ठरलेलं: “आमच्याकडे तर सरळ दिसतोय हो.” ते खरं बोलत असतात. त्यांच्याकडे तो सरळच दिसत असतो. एकच फाइल दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं दिसते आणि दोन्ही बाजू शपथेवर आपलं म्हणणं सांगतात, असा हा मामला आहे.

कॅमेऱ्याचा सेन्सर फोनच्या पोटात पक्का बसवलेला असतो. आयताकृती. त्याची लांब बाजू फोनच्या लांब बाजूला समांतर. त्यावरचं चित्र ओळीमागून ओळ असं वाचलं जातं आणि या ओळी लांब बाजूनं धावतात. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या फोटोत अशा ३०२४ ओळी असतात, एकेका ओळीत ४०३२ ठिपके. फोन आडवा धरला असेल तर पहिली ओळ म्हणजे खरोखरच समोरच्या दृश्याचा वरचा काठ. फोन उभा धरला की मात्र तीच पहिली ओळ दृश्याच्या उजव्या काठानं खाली उतरते. सेन्सरला याचं काही देणंघेणं नाही, तो आपल्या ओळी वाचून पुढे देतो. फाइल तयार होते ती ४०३२ रुंद आणि ३०२४ उंच, म्हणजे आडवीच.

मग फोन त्या फाइलला एक चिठ्ठी जोडतो: दाखवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ९० अंश फिरवावा. ही चिठ्ठी एक्झिफ नावाच्या माहितीच्या गठ्ठ्यात असते. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, परवानगी दिलेली असेल तर काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश, हे सगळं त्याच गठ्ठ्यात. चिठ्ठीचं नाव ओरिएंटेशन, नोंद क्रमांक २७४, सगळी मिळून जागा १२ बाइट. त्यात कामाचा म्हणजे १ ते ८ मधला एक आकडा. १ असेल तर आहे तसा दाखवा, ३ असेल तर खालचं वर करा, ६ असेल तर उजवीकडे वळवा, ८ असेल तर डावीकडे. उरलेले २, ४, ५ आणि ७ आरशातल्या प्रतिमेसाठी आहेत, ते रोजच्या कामात क्वचितच भेटतात. उभ्या धरलेल्या फोनच्या फोटोत बहुतेक वेळा ६ सापडतो. सगळा गोंधळ या सहाचा.

फोन ठिपकेच का फिरवून ठेवत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. ४०३२ गुणिले ३०२४ म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे साडेतीन कोटींच्या वर बाइट. चित्र जसजसं सेन्सरवरून येतं तसतशी त्याची पट्टी-पट्टी दाबून जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची दाबलेली फाइल, बनवता येते, सगळं चित्र एकदम हातात असावं लागत नाही. फिरवायचं म्हटलं की ते सगळं एकदम हातात हवं, कारण फिरवलेल्या चित्राची पहिली ओळ मूळच्या प्रत्येक ओळीतून एकेक ठिपका उचलून बनते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना हे परवडणारं नव्हतं. आकडा बदलणं फुकटात होतं. आजच्या फोनला परवडतं, तरी रीत तीच राहिली आहे. काही अँड्रॉइड फोन ठिपके फिरवूनच फाइल देतात. त्यांच्या मालकांना हा लेख कशाबद्दल आहे तेच कळणार नाही, त्यांनी खुशाल पुढे जावं.

सेन्सर सगळीकडे एकाच बाजूनं बसवलेला असतो असंही नाही. २०१५ साली आलेल्या नेक्सस ५एक्स या फोनमध्ये तो नेहमीच्या उलट बसवलेला होता. फोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपला ते माहीत होतं, पण बाहेरच्या कित्येक ॲप्सनी सेन्सर नेहमीसारखाच असणार हे गृहीत धरलेलं. त्या ॲप्समध्ये माणसं डोकं खाली, पाय वर अशी दिसू लागली. गृहीत धरणं हा या विषयातला मुख्य रोगच आहे.

एक्झिफची पहिली आवृत्ती १९९५ सालची, जपानमधल्या जेइडा या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं काढलेली. पण १ ते ८ ची ही यादी तिच्याहून जुनी. ती आली टिफ या फाइलप्रकारातून, आणि टिफ काढलं आल्डस कंपनीनं. आल्डस म्हणजे पेजमेकरवाले, छपाईची पानं लावायचा तो जुना प्रोग्राम. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांपुढे हे नाव काढलं की ती थोडी हळवी होतात, निम्म्या महाराष्ट्राच्या लग्नपत्रिका त्या पेजमेकरवर लागल्या. १९९२ च्या टिफ ६.० या दस्तऐवजात ओरिएंटेशनची नोंद नीट समजावून दिली आहे आणि तिथंच एक सवलतही देऊन ठेवली आहे: १ सोडून बाकीचे आकडे पाळणं ही किमान अट नाही. म्हणजे चिठ्ठी वाचायची की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर. वाचणाऱ्यांनी ही मर्जी पुढची पंचवीस-तीस वर्षं मनसोक्त चालवली. विंडोज ७ चा फोटो दाखवणारा प्रोग्राम चिठ्ठी वाचत नसे, विंडोज ८ पासून वाचायला लागला. एकाच ऑफिसात दोन टेबलांवर एकच फोटो दोन तऱ्हांनी दिसायचा आणि भांडण लागायचं ते फोटो काढणाऱ्याशी.

यावरून आत्याची गोष्ट सांगते. आत्या मिरजेला असते. दिवाळीचा फराळ आणि सणावारी नैवेद्याची ताटं ऑर्डरप्रमाणे करून देते. पूर्वी सगळं फोनवर चालायचं. मग तिच्या सुनेनं तयार ऑनलाइन दुकान देणाऱ्या एका सेवेवर पान उघडून दिलं, आणि फोटो चढवायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, वरणावरच्या तुपाची चकाकी निघून जाते, म्हणून मी तिला म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तिनं पाठवले. माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसले. दुकानाच्या पानावर चढवले आणि ताटं आडवी झाली.

थाळी गोल, तिला काय उभं आणि काय आडवं, असं ज्याला वाटेल त्याला कुणी पंगतीत वाढलेलं नसावं. ताटाला वर असतं, खाली असतं, डावं-उजवं असतं. वरच्या काठाला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी. जेवणाऱ्याच्या बाजूला भाताची मूद, तिच्यावर वरण, वर तूप. पानावर दिसत होतं ते असं: मीठ डाव्या काठाला, भाताची मूद उजव्या काठाला, भाज्या वर चढलेल्या आणि चटण्या-कोशिंबिरी खाली जेवणाऱ्याच्या पुढ्यात. परदेशातल्या कुणाला ते छान रंगीत ताट वाटलं असतं. आत्याच्या गिऱ्हाइकांतल्या एका काकूंनी मात्र लगेच फोन केला आणि विचारलं, “तुमच्याकडे ताट वाढायला कोण असतं हल्ली?”

आत्यानं त्या सेवेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलानं अतिशय नम्रपणे सांगितलं, “मॅडम, फोन सरळ धरून फोटो काढत जा.” याचा तिला जो राग आला तो मला मिरजेहून पुण्यापर्यंत ऐकू आला. “मी काय वाकडा धरते होय गं फोन? चाळीस वर्षं ताटं वाढतेय.” तिचा राग रास्त होता. तिनं फोन सरळच धरलेला होता. तिच्या फोननं सहाची चिठ्ठी बरोबर लिहिलेली होती. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यामुळे ती चिठ्ठी माझ्यापर्यंत शाबूत पोचली होती. त्या दुकानाच्या सर्व्हरनं मात्र फोटो लहान करताना ती न वाचताच टाकून दिली. साधा व्हॉट्सॲप फोटो पाठवला असता तर व्हॉट्सॲपनं तो आधी फिरवला असता, मग दाबला असता आणि मग गठ्ठा काढून टाकला असता, आणि पानावर तो सरळ दिसला असता. दर्जा घसरलेला फोटो उभा आणि अस्सल फोटो आडवा, हा न्याय कुठल्याही सुगरणीला पटणार नाही.

सर्व्हरवर नेमकं काय होतं ते सांगण्यासारखं आहे, कारण आजही बहुतेक फोटो तिथंच पडतात. तुम्ही चार-पाच एमबीचा फोटो चढवता. सर्व्हर त्याच्या दोन-तीन लहान प्रती बनवतो, यादीत दाखवायला एक, पानावर मोठी एक. त्यासाठी फाइल उघडून ठिपके वाचतो, लहान करतो आणि नवी जेपीईजी लिहितो. पीएचपी या वेबसाइटींच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत वर्षानुवर्षं वापरली जाणारी जीडी ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, ठिपके तेवढे घेते. एक्झिफशी तिचा संबंध नाही. नव्या फाइलमध्ये गठ्ठाच नाही, त्यामुळे चिठ्ठीही नाही. इथं फोटो कायमचा आडवा होतो. त्यानंतर जगातला कितीही हुशार ब्राउझर आणला तरी तो काय वाचणार? फिरवायचं ते लहान करण्याच्या आधी, आणि त्याला लागते प्रोग्राममधली एखाद-दुसरी ओळ. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘ऑटो-ओरिएंट’ नावाचा पर्याय आहे. पायथन या भाषेच्या पिलो लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन आहे. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसनं नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून फोटो चढतानाच चिठ्ठी वाचून फिरवायला सुरुवात केली. इतकं सोपं असूनही ज्यांनी ती ओळ लिहिली नाही ते गिऱ्हाइकाला फोन सरळ धरायला सांगतात.

गठ्ठा पुसून टाकण्याला माझा आक्षेप नाही, उलट तो पुसलाच पाहिजे. आत्याच्या स्वयंपाकघराचे अक्षांश-रेखांश लोकांना कळायचं काही कारण नाही, आणि शाळेतल्या मुलांच्या फोटोंत तर मुळीच नको. फक्त क्रम चुकता कामा नये. आधी फिरवा, मग पुसा. एक्झिफ काढून देणारी काही फुकट ॲप्स आहेत, त्यांतली सगळी हा क्रम पाळतात असं नाही. खाजगीपणासाठी म्हणून फोटो त्यातून काढावा आणि तो आडवा होऊन बाहेर यावा, हे मी बघितलेलं आहे.

ब्राउझरांनीही या प्रकरणात बराच काळ हात वर केले होते. २०२० पर्यंत वेबपानात बसवलेल्या फोटोची चिठ्ठी त्यांतले बहुतेक आपणहून वाचत नसत. तोच फोटो वेगळ्या टॅबमध्ये एकटा उघडला तर त्यांतले काही तो सरळ दाखवायचे. पानात आडवा, एकटा असताना उभा! जुनी पानं बिघडतील या धास्तीनं हे तसंच चालू ठेवलेलं. मग मार्च २०२० मध्ये सफारी १३.१, एप्रिलमध्ये क्रोम ८१ आणि जूनमध्ये फायरफॉक्स ७७, असे एकामागून एक सगळे चिठ्ठी वाचायला लागले. त्याच महिन्यांत आपल्याकडे टाळेबंदी होती. शाळा व्हॉट्सॲपवर आल्या होत्या, आणि घरोघरच्या आया जमिनीवर वही ठेवून शुद्धलेखनाचे फोटो काढून बाईंना पाठवत होत्या. त्या फोटोंना ब्राउझरच्या सुधारणेचा काही उपयोग नव्हता. त्यांचं दुखणं वेगळं होतं, त्याकडे येतेच.

त्याआधी सुधारणेचा एक उलटा परिणाम. कित्येक वेबसाइटवाल्यांनी ब्राउझर वाचत नाही म्हणून चिठ्ठी स्वतः वाचून फोटो फिरवायची सोय करून ठेवली होती. ब्राउझरही फिरवायला लागल्यावर तो दोनदा फिरला. उजवीकडे नव्वद आणि पुन्हा उजवीकडे नव्वद, म्हणजे डोकं खाली. ज्यांनी काळजी घेतली होती त्यांचेच फोटो उलटे झाले आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचे आपोआप सुधारले.

आता ते दुसरं दुखणं. आत्याचे काही फोटो असे होते की ते तिच्या स्वतःच्या गॅलरीतही आडवेच दिसत होते. इथं चिठ्ठी हरवलेली नव्हती, चिठ्ठीच चुकीची लिहिलेली होती. फोन आपण कसे धरले गेलो आहोत हे ॲक्सेलरोमीटरवरून ठरवतो. ही एक इवलीशी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो, आणि पृथ्वीचं ओढणं कुठल्या बाजूनं आहे त्याप्रमाणे तो किंचित सरकतो. फोन उभा असेल तर ओढ फोनच्या तळाकडे, आडवा असेल तर एका कुशीकडे. त्यावरून वर कुठलं ते कळतं. (स्क्रीनचं फिरणं बंद केलं म्हणून बहुतेक फोनांत कॅमेऱ्याचं हे बघणं बंद होत नाही, दोन्ही वेगळी.) पण ताटाचा फोटो वरून काढतात. फोन जमिनीला समांतर होतो, ओढ सरळ त्याच्या पाठीकडे जाते, आणि चारही बाजूंपैकी वरची कुठली हे सांगायला काही पुरावाच उरत नाही. अँड्रॉइडमध्ये अशा वेळी हे ठरवणारा भाग चक्क ‘माहीत नाही’ असं उत्तर देतो. मग ॲप सहसा शेवटी जे माहीत होतं ते धरून चालतं. एक क्षण आधी फोन आडवा करून तुम्ही व्हिडिओ बघत असाल तर ताट आडवं निघणार.

म्हणून वरून काढलेल्या फोटोंतच हा घोळ जास्त. गृहपाठाची वही, सातबारा, रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी, उंबऱ्यापुढची रांगोळी, ताट. तोंडासमोर फोन धरून माणसांचा फोटो काढला तर तो असा चुकत नाही.

स्टुडिओच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. मिरजेच्या ज्या स्टुडिओत आमचे घरचे फोटो निघायचे तिथं १२० ची फिल्म चालायची. एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या १२ चौकटी. चौकोनाला उभं-आडवं नसतंच. कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचं, आणि आत डावं-उजवं उलटं दिसायचं. फोटोग्राफर काका “जरा इकडे सरका” म्हणून हातानं दाखवायचे, शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. फोटो हातात आला की बघणारा तो स्वतः सरळ धरायचा. चिठ्ठी लिहायला कुणी नव्हतं आणि ती हरवायलाही नव्हतं.

आता उपाय. पहिल्यांदा एवढं बघायचं की फोटो स्वतःच्या गॅलरीत सरळ आहे का. गॅलरीतही आडवा असेल तर फोन गोंधळला होता. तो एडिटमध्ये जाऊन फिरवायचा आणि जतन करायचा. गॅलरीत सरळ आणि वेबसाइटवर आडवा असेल तर वाटेत चिठ्ठी गळली आहे, आणि उपाय म्हणजे ठिपके खरोखर फिरवून घेणं. इथं एक खोच आहे. काही गॅलऱ्यांमध्ये फिरवा म्हटलं की ॲप फक्त आकडा बदलतं, ठिपके जागचे हलत नाहीत, आणि फोटो चढवला की पुन्हा आडवा. अशा वेळी फिरवण्याबरोबर कडेची केसभर पट्टी क्रॉप करायची. क्रॉप केल्यावर ॲपला फाइल नव्यानं लिहावी लागते आणि फोटो खरा उभा होतो. हे मी कित्येकांना फोनवरून सांगितलं आहे आणि “क्रॉप कशाला?” हा प्रश्न प्रत्येकानं विचारला आहे.

कॉम्प्युटरवर काम असेल तर मी इरफानव्ह्यू वापरते. त्यात जेपीईजीचा दर्जा न घसरू देता फिरवायची सोय आहे आणि एक्झिफ वाचून आपोआप फिरवायचीही आहे, पन्नास-शंभर फोटो एकदम. न घसरू देता कसं, तर जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करून ते दाबते. रंगाची माहिती अर्ध्यावर आणलेली असल्यामुळे व्यवहारात बहुधा १६ बाय १६ चा चौकोन धरायचा. फिरवताना हे चौकोन न उलगडता त्यांच्या जागा बदलतात आणि आतल्या आकड्यांची अदलाबदल होते. पुन्हा दाबणं नाही, म्हणून घसरणही नाही. अट एकच, लांबी-रुंदीला १६ नं भाग जावा. ४०३२ ला जातो, २५२ वेळा. ३०२४ ला जातो, १८९ वेळा. १०८० ला जात नाही, ८ ठिपके उरतात. उरलेली ती कडेची पट्टी एक तर कापायची किंवा तशीच ठेवायची, आणि ठेवली तर फोटोच्या काठावर वेगळंच काहीतरी चिकटलेलं दिसतं. छापायच्या फोटोला मी ती पट्टी कापते. आठ ठिपक्यांत कुणाचं काही जात नाही.

आयफोनचे फोटो २०१७ पासून हाइक (HEIC) या फाइलप्रकारात साठवले जातात आणि त्यात फिरवायची सूचना एक्झिफच्या बाहेर, फाइलच्या स्वतःच्या रचनेत असते. हाइकमधून जेपीईजी करणारे काही फुकट प्रोग्राम दोन्ही सूचना वाचतात, काही एकही वाचत नाहीत. त्यावर अधिक लिहित नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटला ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की हा विषय मिटतो.

सगळ्यांत वैतागाचे फोटो म्हणजे अर्जावरचे. शेजारचा मुलगा एका परीक्षेचा फॉर्म भरत होता. फोटो २० ते ५० केबीच्या आत हवा, अशी अट. फोनमधला फोटो त्याच्या शंभरपट मोठा. मग त्यानं केबी कमी करून देणारी वेबसाइट शोधली, तिनं जागा वाचवायला गठ्ठा फेकून दिला, आणि अर्जाच्या प्रिव्ह्यूमध्ये तो पासपोर्ट आकाराच्या चौकटीत झोपलेला दिसला. रात्री अकराला फॉर्म बंद होणार. त्यानं तीन वेगवेगळ्या कोनांतून नव्यानं फोटो काढून बघितले, सगळे झोपलेले. शेवटी तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. झेरॉक्सवाल्यानं फोटो मोठा करून स्क्रीनवर उघडला, स्क्रीनशॉट घेतला, तोंडाभोवती कापला आणि चढवून दिला. एक मिनिटाचं काम.

सुशिक्षित लोक या उपायाला हसतात. मला तो आवडतो. स्क्रीनवर दिसतंय ते सरळ आहे, मग जे दिसतंय त्याचाच फोटो घ्या, त्याला कुठली चिठ्ठी लागत नाही. ठिपके कमी होतात हे खरं, पण ५० केबीच्या चौकटीत ते तसेही कमी होणारच होते. स्मरणिकेसाठी कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर मात्र मी परत पाठवते.

आत्याच्या दुकानाच्या पानाचं मी असं केलं: यादी करून सगळे फोटो इरफानव्ह्यूतून फिरवले, गठ्ठा पुसला, मग चढवले. ताटं सरळ झाली. पुढच्या फोटोंसाठी तिला एवढंच सांगितलं की फोन आधी डोळ्यांसमोर उभा धर, स्क्रीनवरची चिन्हं सरळ झालेली बघ आणि मग हळूच ताटावर ओणवा कर. ती ते करते. शिवाय तिनं स्वतःची एक भर घातली आहे. फोटो काढला की लगेच गॅलरी उघडते आणि मीठ कुठं आहे ते बघते. मीठ वर असेल तर पाठवते, नसेल तर पुन्हा काढते. मदतकेंद्रातल्या मुलाला तिनं मधे एकदा फोन करून हे सगळं समजावून सांगितलं, चिठ्ठी, सहाचा आकडा, आधी फिरवा मग पुसा, अगदी सगळं. तो म्हणाला, मॅडम, मी वरती कळवतो. तिथं अजून फोटो आडवेच होतात.

फराळाच्या यादीत चकल्यांचा एक फोटो माझ्याकडून फिरवायचा राहिला आहे. तो कुठल्या बाजूनं सरळ आहे हे मला नुसतं बघून ठरवता आलं नाही, आणि आत्याला विचारलं तर तिलाही नाही. विक्री चांगली चालू आहे.